हरवलेल्या मुलांसाठी पुण्यात फोन हेल्पलाइन सुरू करायची आहे: नंबर, माणसं, पोलीस, कायदा – माहिती हवी

सिंहगडरस्ता_महासंघ

सिंहगड रस्ता, वडगाव, धायरी भागातल्या काही सोसायट्या आणि गणेश मंडळं मिळून हरवलेल्या मुलांसाठी फोन हेल्पलाइन सुरू करायचं घाटतंय. जागा मिळाली आहे, पाळ्या लावून बसायला वीसेक जण तयार आहेत. गणपतीच्या आधी सुरू व्हावी आणि पुढे वर्षभर चोवीस तास चालावी अशी इच्छा आहे. नंबर कुठला घ्यायचा, किती लाइनी लागतील, फोन उचलणाऱ्यानं काय विचारायचं, पोलिसांना कधी आणि कसं कळवायचं, कायद्यानं आपल्याला काय करता येतं नि काय येत नाही, हे जाणकारांनी सविस्तर लिहावं. लांबलं तरी चालेल.

निशिगंध_क

उपक्रम चांगला आहे, पण आधी असलेली व्यवस्था समजून घ्या. १०९८ ही चाइल्डलाइन १९९६ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली आणि पुढे देशभर गेली. २०२३ पासून ती महिला व बालविकास खात्यामार्फत चालते आणि ११२ या आपत्कालीन नंबराशी जोडलेली आहे. दोन्ही नंबर चोवीस तास, दोन्ही मोफत. रिचार्ज संपलेल्या मोबाइलवरूनही ११२ लागतो, तुमचा दहा आकडी नंबर लागणार नाही. फोन करणाऱ्याचं ठिकाण ११२ ला कळू शकतं. तुम्हाला ते कधीच कळणार नाही, कारण मोबाइलचं लोकेशन कंपनीकडून मागवणं हे पोलिसांचं काम आहे.

म्हणजे तुमचा नंबर या दोघांच्या ऐवजी असू शकत नाही. पत्रकावर ११२ आणि १०९८ तुमच्या नंबरापेक्षा मोठ्या अक्षरात छापा. तुमच्या करण्यासारखं काम दुसरं आहे, आणि ते खरोखर लागतं: हबकलेल्या आईवडिलांना पहिला तासभर धरून ठेवणं, वर्णन नीट लिहून घेणं, त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यात जायला माणूस देणं आणि आसपासचे वॉचमन, रिक्षावाले, दुकानदार कामाला लावणं.

फोन चार तऱ्हेचे येतात: मूल हरवलंय, मूल सापडलंय, मूल दिसलं होतं, आणि चौथा म्हणजे मूल स्वतःच बोलतंय. चौघांसाठी चार वेगळ्या रंगांचे छापील कागद ठेवा. एकच लांबलचक फॉर्म केला की घाईत निम्मे रकाने रिकामे राहतात आणि नेमका हवा तो रकाना त्यातच असतो.

'हरवलंय' या कागदाचा क्रम असा ठेवा. पहिल्या मिनिटात फक्त नाव, वय, शेवटचं कुठे आणि किती वाजता दिसलं, सोबत कोण होतं, आणि फोन करणाऱ्याचा नंबर. एवढं झालं की लगेच विचारा, "११२ ला कळवलंत का?" नसेल कळवलं तर त्याच क्षणी दुसऱ्या फोनवरून लावून द्या. 'चोवीस तास वाट बघा' असा कुठलाही नियम नाही. ही समजूत इतकी पक्की बसली आहे की ती तुम्हाला रोज खोडावी लागेल.

पोलिसांना कळवल्यानंतर बाकीचं वर्णन. उंची फुटात विचारली तर बहुतेक आया अंदाजे सांगतात, "ओट्यापर्यंत येतो की फ्रिजच्या हँडलपर्यंत?" असं विचारा, मग कुणाला तरी टेप लावून मोजायला सांगा. कपड्यांचा रंग सांगताना शाळेचा गणवेश होता की बदलला होता हे वेगळं विचारा. चप्पल की बूट हे सगळे विसरतात, पण कपडे बदलता येतात, पादत्राण सहसा तेच राहतं. घरात हाक कुठल्या नावानं मारतात, कुठली भाषा बोलतं, मिरगी, दमा, साखरेचा त्रास, रोजची गोळी आहे का. खिशात पैसे किती. मोबाइल सोबत असेल तर नंबर आणि खोक्यावरचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक. नसेल तर कुठल्या गेमवर किंवा अ‍ॅपवर कोणत्या नावानं असतं. फोटो ताजा, एकट्याचा, फिल्टर न लावलेला. कानाची ठेवण दिसत असेल तर उत्तम.

आणि कागदाच्या तळाशी ठळक चौकट: 'ही माहिती बाहेर द्यायची नाही'. अंगावरची एखादी खूण, एखादी घरगुती गोष्ट त्यात लिहायची. पुढे कुणी "मूल माझ्याकडे आहे" म्हणून फोन केला तर खरं-खोटं त्यावरूनच कळतं.

कालवाकाठ

लहान मूल, साधारण सहाच्या आतलं, असेल तर पहिल्या दहा मिनिटांत घरच्यांना दोन गोष्टी सांगा. एक, घरातच शोधा: कपाट, दिवाण, पलंगाखाली, गच्ची, लिफ्ट, पार्किंगमधल्या गाड्यांच्या आत आणि डिकीत. दोन, पाणी बघा: सोसायटीची जमिनीखालची टाकी, बांधकामावरचे हौद, विहिरी आणि मुठा उजवा कालवा. दांडेकर पूल, पर्वतीपासून हडपसरपर्यंत कालव्याला लागून वस्त्या आहेत. लोक आधी रस्त्यावर, बसस्टॉपवर धावतात आणि पाणी शेवटी आठवतं. लहानग्यांच्या बाबतीत हे उलट करायला हवं.

एका माणसानं घरीच थांबायचं, फोन चार्जिंगला लावून. मुलाचं अंथरूण, घातलेले कपडे धुवायचे नाहीत, हाताळायचेही नाहीत. पोलिसांचं श्वानपथक आलं तर तेच लागतं.

तांब्याची_जोडी

तांत्रिक बाजू लिहितो.

१०९८ सारखे छोटे नंबर दूरसंचार विभाग सरकारी सेवांसाठी राखतो, तुम्हाला मिळणार नाही. युरोपात २००७ पासून ११६००० हा एकच नंबर हरवलेल्या मुलांसाठी राखून ठेवलाय, तसं आपल्याकडे नाही. १८०० चा टोल-फ्री परवानाधारक कंपनीकडून मिळतो, पण येणाऱ्या प्रत्येक मिनिटाचे पैसे तुम्ही भरता. आज बहुतेकांच्या प्लॅनमध्ये कॉल मोफत असतात, त्यामुळे सुरुवातीला ०२० चा साधा लँडलाइन नंबर पुरे, फक्त तो लक्षात राहील असा निवडा. इंटरनेटवरून स्वस्तात मिळणारा परदेशी नंबर घेऊन इथल्या लाइनीला जोडायच्या फंदात पडू नका, ते बेकायदा एक्सचेंजमध्ये मोडतं. कंपनीकडून रीतसर एसआयपी ट्रंक, म्हणजे इंटरनेटवरून चालणारी फोन लाइन, घ्या. तीस चॅनेलची, म्हणजे एका वेळी तीस फोन चालणारी, पीआरआय लाइन तुमच्या कामाला फार मोठी होते.

किती चॅनेल? गर्दीच्या तासाचं गणित करा. तासाला ४ फोन, प्रत्येकी सरासरी १५ मिनिटं, म्हणजे बरोबर एक अर्लांग भार (एक लाइन तासभर सलग व्यस्त). त्यावर २ चॅनेल असतील तर पाचातला एक फोन 'व्यस्त' ऐकतो. ३ असतील तर साधारण ६ टक्के, ४ असतील तर दीड टक्का. म्हणून येणाऱ्यांसाठी ४ आणि बाहेर फोन करायला वेगळे २, असे ६ घ्या. बाहेरचे वेगळे न ठेवल्यास तुम्ही पोलिसांशी बोलत असता आणि त्याच वेळी आईचा दुसरा फोन अडतो.

'मराठीसाठी एक दाबा' अजिबात ठेवू नका. लहान मूल तिथेच फोन ठेवतं. पहिल्या रिंगला सगळे फोन एकत्र वाजू द्या, १५ सेकंदांत कुणी उचलला नाही तर पाळीप्रमुखाच्या मोबाइलवर. इथे एक हमखास अडचण येते: मोबाइल बंद असेल तर कंपनीचा 'ग्राहक उपलब्ध नाही' हा संदेश किंवा व्हॉइसमेल कॉल उचलतो, आपल्या एक्सचेंजला (आलेले फोन वाटून देणाऱ्या यंत्रणेला) वाटतं माणसानं उचलला, आणि फोन पुढच्याकडे जातच नाही. उपाय सोपा आहे, वळवलेला कॉल घेणाऱ्यानं १ दाबल्याशिवाय जोडला जाणार नाही अशी सेटिंग करा. शिवाय वळवलेल्या कॉलवर कधी कधी मूळ माणसाचा नंबर न दिसता आपलाच दिसतो, तेव्हा नंबर नेहमी एक्सचेंजच्या नोंदीतून घ्या, मोबाइलच्या पडद्यावरून नको.

वीज: राउटर, फायबरचा डबा, ४ आयपी फोन, २ लॅपटॉप, एक दिवा-पंखा मिळून सुमारे २०० वॅट धरा. १२ व्होल्ट १५० एएचची एक ट्यूब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. ६० टक्क्यांपर्यंतच उतरवायची आणि इन्व्हर्टरची तूट वजा करायची, तर हातात ९०० च्या आसपास, म्हणजे साडेचार तास. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते तेवढ्यापुरतं ठीक, पण पावसाळ्यात दुसरी बॅटरी हवीच.

इंटरनेट दोन कंपन्यांचं घ्या आणि दोन्ही केबली इमारतीत वेगवेगळ्या बाजूंनी येतायत हे स्वतः डोळ्यांनी बघा. पुण्यातली खोदाई माहीत आहे ना? एकाच चरातून दोन्ही फायबर गेल्या असतील तर जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही जातात. तिसरा आधार म्हणून तिसऱ्याच कंपनीचं सिम घातलेला साधा बटणांचा मोबाइल टेबलावर ठेवा. तो नंबर पोलीस ठाण्याला देऊन ठेवा.

सिंहगडरस्ता_महासंघ

फार उपयोगी. चोवीस तास चालवायला वीस माणसं पुरतील का?

निशिगंध_क

नाही पुरणार. एक खुर्ची आठवड्याचे १६८ तास. सहा-सहा तासांच्या पाळ्या धरल्या तर आठवड्याला २८, आणि रात्री एकट्याला बसवायचं नाही म्हणून दोन खुर्च्या, म्हणजे ५६ पाळ्या. वीस जणांत वाटल्या तर प्रत्येकाला आठवड्याला जवळजवळ तीन येतात. नोकरी-संसार सांभाळून हे दोन महिने चालेल, परीक्षा-लग्नसराई आली की रात्रीच्या पाळ्या गळायला लागतील.

तेव्हा माझं स्पष्ट मत: सकाळी ७ ते रात्री ११ चालवा आणि तसं छापा. ११ नंतर फोन आला तर मराठीत आणि हिंदीत दहा सेकंदांचा संदेश, "ही हेल्पलाइन सकाळी सात वाजता सुरू होईल. आत्ता ११२ किंवा १०९८ लावा", आणि कॉल बंद. 'चोवीस तास' लिहून रात्री दोनला नुसताच वाजत राहणारा नंबर हा नंबर नसण्यापेक्षा वाईट, कारण तो ऐकत बसलेला माणूस तेवढा वेळ ११२ लावत नाही. गणपतीचे दहा दिवस आणि पालखीचा मुक्काम तेवढा चोवीस तास करा.

स्वयंसेवकांची पोलीस पडताळणी करून घ्या, अपवाद कुणालाही नको. मुलाच्या सोबत एकटा माणूस कधीही नाही, कायम दोघं.

आता मूल स्वतः फोन करतं तेव्हा. बहुतेक वेळा ते बोलतच नाही. नुसता श्वास, मागे गाड्यांचा आवाज. निदान एक मिनिट लाइन धरून हळू बोलत राहायचं: "मी ऐकतेय. बोलावंसं वाटेल तेव्हा बोल. बोलायचं नसेल तर फोनवर एकदा टकटक कर." खिदळून फोन ठेवणारी मुलंही असतात. त्यांचे नंबर ब्लॉक करू नका, पुष्कळदा ती पलीकडचं माणूस ओरडतं का हे तपासत असतात आणि खरा फोन नंतर येतो.

"का पळालास?" हा पहिला प्रश्न नव्हे. आत्ता सुरक्षित आहेस का, जवळ कोण आहे, फोन कुणाचा, चार्जिंग किती, खाल्लंस का. मग ठिकाण. मुलाला पत्ता सांगता येत नाही, पण वाचता येतं: समोरच्या दुकानाच्या पाटीवर खाली पत्ता असतो, बसथांब्यावर नाव असतं, फलाटावर नंबर असतो. रुळाजवळ असेल तर आधी रुळापासून लांब व्हायला सांगा, मग तिथूनच विजेच्या खांबावरचे आकडे वाचायला सांगा. त्यात किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक असतो, रेल्वेला तेवढ्यावरून जागा कळते. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "तुला विचारल्याशिवाय घरी फोन लावणार नाही, पण तुला सुरक्षित ठेवणारं माणूस पाठवावं लागेल" हे खरं आहे, तेवढंच बोला. घरी मारहाण किंवा त्याहून वाईट काही असेल तर आईवडिलांना परस्पर ठिकाण सांगणं म्हणजे मुलाला परत त्याच तोंडी देणं.

मोठी मुलं निघाली की पुण्याहून बहुतेक मुंबईची वाट धरतात. गाडीत बसल्याची शंका असेल तर १३९ या रेल्वे हेल्पलाइनवर आणि रेल्वे सुरक्षा दलाला गाडीचं नाव, डबा, कपडे कळवा. गाडीला पुढे लोणावळा, कर्जत, कल्याण यांपैकी कुठे थांबा आहे ते बघून तिथे माणूस उभा करता येतो. एसटीसाठी स्वारगेट आणि वाकडेवाडी दोन्हीकडे कळवा.

कलम_आणि_कागद

कायद्याचं थोडक्यात, पण नीट वाचा.

१८ वर्षांखालचं कुठलंही मूल हरवलं की गुन्हा नोंदवायलाच हवा. सर्वोच्च न्यायालयानं १० मे २०१३ रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर हे स्पष्ट केलं: अपहरण किंवा तस्करी असं गृहीत धरूनच एफआयआर. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ खाली होतो. ठाण्यात बऱ्याचदा मोठ्या माणसासारखी नुसती 'मिसिंग' नोंद करून पाठवतात. तुमच्या माणसानं सोबत जायचं ते यासाठीच. बाहेर पडताना गुन्हा रजिस्टर नंबर, तपास अधिकाऱ्याचं नाव आणि अर्ज घेणाऱ्याचा बक्कल नंबर लिहून आणायचा. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते.

हद्दीचा घोळ पुण्यात नेहमीचा. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि ग्रामीण अशी तीन पोलीस दलं, शिवाय स्टेशनच्या आवारात लोहमार्ग पोलीस. मूल कात्रजचं, शेवटचं दिसलं हिंजवडीत, असं झालं की इकडून तिकडे पाठवणी सुरू होते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, ठाण्यानं माहिती नोंदवून घ्यायची असते, झिरो नंबरनं. हे वाक्य छापून स्वयंसेवकाच्या खिशात ठेवा. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याच्याशीच बोला आणि तुमच्या भागातल्या ठाण्यांची यादी दर महिन्याला ताजी करा, बदल्या होतात.

चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करी प्रतिबंधक कक्षाकडे जायला हवा. फाइलवर ती तारीख आजच लिहून ठेवा, पालकांच्या ती लक्षात राहत नाही.

सापडलेलं मूल: बाल न्याय कायदा २०१५, कलम ३२. हरवलेलं वाटणारं मूल ताब्यात आलं की २४ तासांत चाइल्डलाइन, पोलीस, बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कुणाला तरी कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. समितीपुढे २४ तासांत हजर करायचं, प्रवासाचा वेळ वगळून. मूल तुमच्या खोलीत झोपवायचं नाही, स्वयंसेवकाच्या घरीही नाही. आणि "मी त्याचा बाप" म्हणत कुणीही आलं, आधारकार्ड दाखवलं, मूल गळ्यात पडलं, तरी तुम्ही ताबा द्यायचा नाही. तो निर्णय समितीचा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुमच्यावरही बंधनकारक आहे.

कॉल रेकॉर्ड करणार असाल तर तसं सुरुवातीला सांगा, आणि रेकॉर्डिंग दोन माणसांखेरीज कुणाला उघडता येऊ नये.

बिबवेवाडी_बाग

एक सुचवतो. सोसायट्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेतच. मुलाचा फोटो आणि वडिलांचा नंबर सगळीकडे टाकला तर पाच मिनिटांत लाखभर लोकांपर्यंत जाईल. मग एवढा खटाटोप कशाला?

कलम_आणि_कागद

@बिबवेवाडी_बाग, यात तीन धोके आहेत. वडिलांचा नंबर बाहेर गेला की "मूल माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा" असे फोन सुरू होतात. पत्रकावर नेहमी पोलीस ठाण्याचा आणि हेल्पलाइनचाच नंबर हवा. दुसरं, मूल सापडल्यावर फोटो परत घेता येत नाही. वर्षानुवर्षं फिरत राहतो आणि त्या मुलीला कॉलेजातही कुणीतरी ओळखतं. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. म्हणून फोटो पोलिसांनी प्रसिद्ध केला तरच, त्यांचंच पत्रक जसंच्या तसं पुढे पाठवायचं, त्यावर तारीख आणि गुन्हा नंबर असतो.

तिसरं सगळ्यात गंभीर. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारे समजून पाच निरपराध माणसांना जमावानं ठार मारलं. त्यामागे मोबाइलवर फिरणारी अफवाच होती. तुमच्या हेल्पलाइनवरही "आमच्या चौकात टोळी आलीय" असे फोन येतील. त्या माणसाला एवढंच सांगायचं: हात लावू नका, गर्दी जमवू नका, ११२ लावा. आणि तो फोन ग्रुपवर एका शब्दानंही जाता कामा नये.

मंडई_पथक

गर्दीतल्या हरवण्याबद्दल. विसर्जनाला लक्ष्मी रस्ता, बेलबाग चौक, अलका चौक या पट्ट्यात मोबाइल लागत नाही, लागला तरी ढोलात ऐकू येत नाही. तिथे हेल्पलाइनच्या भरवशावर राहू नका. चौकाचौकांत वॉकीटॉकी असलेली दोन माणसं आणि पोलीस मदत केंद्रात एक. एसएमएस मात्र बऱ्याचदा जातो, म्हणून चार शब्दांचा साचा ठरवून ठेवा: वय, मुलगा/मुलगी, वरचा कपडा, चौक.

मुलाच्या दंडावर आतल्या बाजूला मार्करनं पालकांचा नंबर, वर पारदर्शक चिकटपट्टी, नाहीतर घामानं तासाभरात जातो. नाव लिहू नका; नावानं हाक मारणाऱ्या अनोळखी माणसामागे मूल सहज जातं. भोंग्यावर सापडलेल्या मुलाचं नाव-वर्णन पुकारायचं नाही. "अमुक चौकात एक मूल सुखरूप आहे, ज्यांचं असेल त्यांनी मदत केंद्रात यावं" एवढंच, वर्णन येणाऱ्यानं करायचं. हरवलेल्याचं मात्र पुकारायचं.

पालखीत वेगळं. भवानी पेठ-नाना पेठेत मुक्काम असतो तेव्हा हरवलेल्या पोराला गाव सांगता येत नाही, पण बरोबरच्या माणसांबद्दल विचारा: दिंडी रथापुढची की रथामागची, आणि कितवी? त्या क्रमांकावरून दिंडीचालकापर्यंत पोहोचता येतं.

सीसीटीव्हीबद्दल एक. दुकानांच्या डीव्हीआरवर जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, कुठे आठवड्यात, कुठे पंधरवड्यात. पहिल्याच दिवशी मालकाला "पुसू देऊ नका, पोलीस येतील" असं सांगून ठेवा. आणि डीव्हीआरचं घड्याळ बऱ्याचदा चुकीचं असतं. मोबाइलची वेळ आणि पडद्यावरची वेळ एका फोटोत टिपा, नाहीतर वीस मिनिटं पुढे-मागे शोधत बसावं लागतं.

ऋतुजा_वारजे

बोलू न शकणारं किंवा भाषाच न कळणारं मूल सापडलं तर? बांधकामांवर ओडिशा, बंगाल, नेपाळकडची कुटुंबं आहेत.

निशिगंध_क

भाषेसाठी त्याच बांधकामांवरच्या मुकादमांचे नंबर आधीच जमवा: ओडिया, बंगाली, नेपाळी, कन्नड, तेलुगू, वडारी, पारधी, प्रत्येकी दोन. फोनवर दुभाषाला मुलाचं वय-रूप-ठिकाण सांगू नका, नुसतं "याच्याशी बोला, गावात काय काय आहे विचारा" म्हणा. नदी, रेल्वे, शाळेचा रंग, कुठलं पीक, यातून जिल्हा लागतो. ऐकू न येणाऱ्या मुलासाठी खुणांची भाषा जाणणारी व्यक्ती लागते, मूकबधिर शाळांच्या शिक्षकांशी आधीच बोलून ठेवा. चित्रांचा एक तक्ता टेबलावर हवा: बस, रेल्वे, रिक्षा, शेत, इमारत, आई, बाबा, आजी, मारणं, भूक.

मतिमंद किंवा न बोलणाऱ्या मुलाबाबत आधारचा उपयोग होतो. पाच वर्षांच्या पुढे बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद झालेली असेल, तर नव्यानं आधार काढायला गेल्यावर 'आधीच नोंद आहे' म्हणून अर्ज नाकारला जातो आणि तो धागा धरून घर सापडतं. अशा तऱ्हेनं मुलं परत घरी गेलेली आहेत. पण ठसे द्यायला मुलाला बालगृह किंवा समितीमार्फतच न्यायचं, तुम्ही परस्पर आधार केंद्रात नेऊ नका. पाचच्या आत घेतलेल्या बाल आधारला ठसे नसतात, तिथे हा मार्ग चालत नाही. म्हणून सोसायट्यांत पत्रक वाटणारच आहात तर पाच आणि पंधराव्या वर्षी ठसे अद्ययावत करायची आठवणही त्यातच छापा.